आधी पट सांग

आता पुरे. यापुढे मला एकही लिंक पाठवू नकोस. "बाई, ही रेल कशी वाटते?" या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. का देणार नाही, ते आज नीट ऐकून घे. मध्ये बोलायचं नाही.

पावसाळ्याआधी तुझी निवड सुरू झाली. पाऊस आला, गेला. कास पठारावरची फुलं आली, गेली. तिथे दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब होते, त्यांत चिलटं अडकली होती, आणि तू घरी बसून कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या रेलींचा तक्ता करत होतास. तक्त्यात वजन आहे, लांबी आहे, किंमत आहे, कुणाला किती तारे पडले तेही आहे. फोटो कुठे आहे? मॅक्रो करायचं म्हणून लेन्स घेतलीस ना? मग त्या लेन्सने काढलेलं धड काहीतरी दाखव.

मी तुला एकच प्रश्न विचारला होता. किती पटीला काढणार? एकास एक, दुप्पट, पाचपट, दहापट? तू म्हणालास, "सगळंच करायचंय, बाई." टूलरूममध्ये तुझ्यासमोर कुणी लोखंडाचा तुकडा ठेवला, 'भोक पाड' म्हणाला, किती एमएमचं विचारल्यावर 'सगळ्याच मापाचं' म्हणाला, तर तू मशीन चालू करशील? ड्रॉइंग मागशील. ड्रॉइंग आल्याशिवाय जॉबला हात लावणार नाहीस. मग स्वतःच्या कामाचं ड्रॉइंग तुझ्याकडे का नाही?

का नाही, ते मला ठाऊक आहे. पट ठरली की रेल ठरते. रेल ठरली की विकत घ्यावी लागते. घेतली की फोटो काढावे लागतात, आणि काढलेला फोटो वाईट येऊ शकतो. निवड चालू आहे तोवर तुला कुणी नापास करू शकत नाही. म्हणून निवड संपू द्यायची नाही. अभ्यासाच्या नावाखाली हे चालढकल करणं आहे, आणि ते तुलाही कळतं. कळत नसतं तर मी एवढी चिडले नसते. ज्याला खरंच जमत नाही त्याला मी समजावून सांगते. तुला समजावण्यासारखं काही उरलेलं नाही.

कागद घे. हिशेब तुझ्याच हातून होऊ दे.

फोकसमध्ये किती जाडी येते, याचं सूत्र तुझ्या वहीत आहे. अ‍ॅपर्चरचा आकडा, गुणिले चालेल इतक्या धूसर ठिपक्याचं माप, गुणिले पट अधिक एक, आलेल्याची दुप्पट, भागिले पटीचा वर्ग. तुझा सेन्सर एपीएस-सी, ठिपका ०.०२ मिमी धर. एकास एक, एफ ८. किती आलं? ०.६४ मिमी. आता पाचपट, एफ २.८. किती? ०.०२७ मिमी. सत्तावीस मायक्रॉन. केसाहूनही कमी. एकीकडे सहाशे चाळीस मायक्रॉन, दुसरीकडे सत्तावीस. या दोन कामांना एकच रेल 'चांगली' कशी असेल? आणि ही दोन्ही कामं एका तक्त्यात कोंबून तू कोणत्या रेलीला जास्त तारे आहेत ते बघतोस?

'अ‍ॅपर्चर बंद करतो, जाडी वाढेल' म्हणू नकोस. पाचपटीला लेन्सवर एफ १६ लावलंस की सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश एफ ९६ चा असतो. आकडा गुणिले पट अधिक एक, तोंडी हिशेब आहे. एवढ्या बारीक भोकातून आलेला प्रकाश विवर्तनाने पसरतो. मग माशीच्या डोळ्यावरची जाळी पुढून मागपर्यंत सारखी दिसते खरी, पण सारखीच धूसर. म्हणून तर थोडं थोडं सरकत अनेक फोटो काढून जोडायचे, म्हणजे स्टॅक करायचा. म्हणून तर रेल. मुळात रेल कशासाठी हवी हेच विसरून तू रेल शोधतो आहेस.

आता एकास एकचं बघू. ०.६४ मिमी जाडी, म्हणजे ०.४ ची पायरी धर, फोटो एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. तीन मिमी खोलीचं फूल आठ-नऊ फोटोंत उरकतं. आठ-नऊ! त्यासाठी रेल हवीच कशाला? तुझ्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग आहे. ऑलिंपसने ते २०१५ मध्ये दिलं, निकॉनने २०१७ च्या डी८५० मध्ये दिलं, आता मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही असतं. पायरी किती, फोटो किती, एवढं सांगितलं की कॅमेरा लेन्सची मोटर स्वतःच सरकवतो. तो मेन्यू कधी उघडलास? नाही. आणि एकास एकच्या खाली तर रेलीपेक्षा हेच बरं. रेलीवर अख्खा कॅमेरा सरकतो, त्याबरोबर लेन्सची बघण्याची जागा सरकते, पुढच्या पाकळीमागे झाकलेला भाग दर फोटोत थोडा बदलतो, आणि जोडताना कडांना घोळ होतो. तुझं निम्मं काम आजच्या आज, एक पैसा न घालता सुरू झालं असतं. तू सुरू केलं नाहीस.

पाचपटीला मात्र रेल लागते, त्यात वाद नाही. कॅननची एमपी-ई ६५ घे, लाओवाची २५ एमएम घे, त्यांना फोकसची रिंगच नाही. एमपी-ईची रिंग फिरवली की पट बदलते. फोकस हवा तर कॅमेरा पुढे-मागे. आता तुझ्या धंद्यातलं आलं, म्हणून इथे मी जास्त बोलणार आहे.

सत्तावीस मायक्रॉन जाडी, पायरी वीस मायक्रॉनची. तुझा रोजचा मायक्रोमीटर, अर्धा एमएम पिच, थिंबलवर पन्नास रेघा. वीस मायक्रॉन म्हणजे दोन रेघा. तू दिवसभर हेच करतोस, झोपेतही करशील. मग रेलीच्या स्क्रूचा पिच किती, हे आधी विचारायला नको? एक एमएम पिच असेल तर वीस मायक्रॉन म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. पंचवीस एमएमच्या नॉबवर बोट दीड एमएम सरकतं. जमतं. आता ती दातेरी पट्टीवर चालणारी, तुला आवडलेली स्वस्त रेल. तिच्या एका फेऱ्यात कॅमेरा पंधरा एमएम पळत असेल, तर वीस मायक्रॉनसाठी नॉबच्या कडेवर बोट सरकलं पाहिजे एक दशांश एमएम. कुणाच्या बोटाला जमेल? तुझ्या जमेल? हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तक्त्यात पिचचा रकाना आहे का? रंगाचा आहे.

त्या चार दिशांच्या रेलीबद्दलही विचारलं होतंस, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणारी, शिवाय किमतीला कमी. एका स्लाइडवर दुसरी स्लाइड बसवली की ढिलेपणाची बेरीज होते. टॉलरन्स कसा साठत जातो हे तुला मी शिकवायचं? डाव्या-उजव्या सरकण्याचा उपयोग फ्रेम बसवायला आहे, मान्य. एकास एकला चालेल. पाचपटीला तिथे कॅमेरा लटकवशील तर नॉबला हात लावताच किडा फ्रेमच्या बाहेर.

"स्मूथ आहे का, बाई?" असं विचारतोस. स्मूथ म्हणजे काय? ग्रीस जास्त लावलं की कुठलीही रेल स्मूथ वाटते. लेथवरची क्रॉस स्लाइड हाताला गुळगुळीत लागली म्हणून तू तिच्यावर भरवसा ठेवतोस? डायल लावून बघतोस ना?

मग ऐक. तुझ्या मित्राची रेल महिनाभर तुझ्या घरी होती. महिनाभर! डायल तुझ्याकडे, मॅग्नेटिक बेस तुझ्याकडे, सरफेस प्लेट कामावर. जे तपासायला बाकीच्यांना साधनच मिळत नाही, ते तुझ्या हाताशी होतं. लावलीस डायल? आता लाव. रेल प्लेटवर घट्ट बसव. वर कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, सगळं वजन चढव, कारण मोकळ्या रेलीची परीक्षा म्हणजे परीक्षाच नाही. डायलचं टोक कॅमेऱ्याच्या पाठीला टेकव. आधी बोटाने कॅमेरा हलका दाब आणि सोड. काटा होता तिथे परत येतो का? नाही आला, तर ती रेल तिथेच बाद. आला, तर एकाच दिशेने दोन-दोन शतांशाच्या वीस पायऱ्या टाक, प्रत्येक पायरीला काटा लिहून ठेव. कुठे काटा अडकून मग उडी मारतो का, ते बघ. मग नॉब उलटा फिरव, काटा हलायच्या आधी किती फिरला ते लिही, तो तुझा बॅकलॅश. शेवटी लॉकचा स्क्रू आवळ. आवळताना काटा किती पळाला? बहुतेक रेली इथे उघड्या पडतात, आणि याबद्दल कुठल्याही जाहिरातीत एक अक्षर नसतं. उभी लावून काढणार असशील तर रेल उभी करून हे सगळं पुन्हा. वजनाने आपोआप खाली सरकते का, हेही तेव्हाच कळतं.

आणि बॅकलॅशला एवढा घाबरतोस कशाला? स्टॅक नेहमी एकाच दिशेने काढायचा. सुरुवात करायच्या आधी थोडं मागे जाऊन आट्यांतला ढिलेपणा काढून टाकायचा, मग पुढेच जायचं. लेथवर तू हे विचार न करता करतोस. रेल कणभर डावी-उजवी डोलली, फोटोंचं माप थोडं बदललं, तर झेरीन किंवा हेलिकॉन ही फोटो जोडणारी सॉफ्टवेअर ते जुळवून घेतात. ते माफ करत नाहीत ती एकच गोष्ट, राहून गेलेली पायरी. जो भाग एकाही फोटोत फोकसमध्ये नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही. म्हणजे रेलीकडून मागायचं काय? बारीक पायरी, पायरीनंतर स्थिर उभं राहणं आणि वजनाखाली न वाकणं. संपलं. तीन ओळी. तुझ्या तक्त्यात यातलं काय आहे?

आता मोटरची रेल. "मोटरची घेऊ का, म्हणजे एकदाच काय ते होईल." एकदाच काय होईल? जाहिरातीत लिहिलंय 'एक मायक्रॉनची पायरी', आणि तू विरघळलास. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. एक एमएम पिचच्या स्क्रूवर पाच मायक्रॉनची एक. त्याचे आणखी तुकडे विजेने पाडायचे आणि तो आकडा खोक्यावर छापायचा. तुमच्या मशीनचा डिस्प्ले एक मायक्रॉन दाखवतो म्हणून जॉब एका मायक्रॉनमध्ये येतो का? नवीन पोरगा असं म्हणाला तर तूच त्याला झापशील. स्वतःचे पैसे घालताना ती अक्कल कुठे जाते?

मोटर वाईट नाही. ज्यांना लागते त्यांनी ती का घेतली, ते समजून घे. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांचं कीटकांचं प्रदर्शन २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये लागलं. सूक्ष्मदर्शकाची दहापटीची लेन्स, दर फोटोला दहा मायक्रॉनची पायरी, आणि एका कीटकाच्या चित्रासाठी आठ हजारांच्या वर फोटो. तिथे हाताने नॉब फिरवत कोण बसेल? पण त्याच माणसाने एका किड्याच्या चित्राचे तीसएक भाग पाडले आणि प्रत्येक भागाला वेगळा प्रकाश लावला. तो प्रकाश मोटरने लावला नाही. अमेरिकेत यूएसजीएसची मधमाश्यांची प्रयोगशाळा आहे. त्यांचे फोटो कुणालाही वापरायला खुले आहेत आणि तू ते बघितले आहेस, मीच दाखवले. एमपी-ई ६५ आणि मोटरची रेल, हेच त्यांचं सामान. पण त्याआधी ते काय करतात? मेलेली माशी कोमट साबणाच्या पाण्यात धुतात, हेअर ड्रायरने वाळवतात, म्हणजे अंगावरचे केस मोकळे होऊन उभे राहतात. तुझ्या शेवटच्या स्टॅकमधल्या माशीच्या डोळ्यावर धूळ बसली होती. पाचपटीला धुळीचा कण दगडाएवढा दिसतो. ती पुसायला कुठली रेल लागते?

त्या स्टॅकचंच बोलू. खापर तू मित्राच्या रेलीवर फोडलंस. "रेल हलते, बाई." मी फाइल पूर्ण मोठी करून एकेक फोटो बघितला. रेल पायरी चुकवते तेव्हा जोडलेल्या चित्रात फोकसचे पट्टे येतात, एक धारदार, एक धूसर, पुन्हा धारदार. तसे पट्टे कुठेही नव्हते. पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत प्रत्येक केस दुहेरी होता. तो कंप आहे. मी विचारलं, पंखा चालू होता का? तू खाली बघितलंस. पाचपटीला तुझ्या सेन्सरचा एक पिक्सेल किड्याच्या अंगावर एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही. डोक्यावर पंखा, टेबल हलतं, बाजूला मिक्सर, आणि दोष रेलीचा? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? पंखा बंद कर. शटर इलेक्ट्रॉनिक ठेव, म्हणजे पडद्याचा धक्का जाईल. नाहीतर अंधाऱ्या खोलीत फ्लॅश कमी ताकदीवर लाव, त्याची चमक सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून छोटी असते, कंपाला वेळच मिळत नाही. नॉबवरून हात काढला की दोन-तीन सेकंद थांब, मग रिमोट दाब. यातलं कुठलं तुला माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. सगळं केलं असतंस तर मित्राच्याच रेलीवर चित्र मिळालं असतं.

आणि जिवंत किड्यांचं म्हणशील तर तिथे रेलीचा विचारच सोड. चालता किडा तुझ्या दीडशे पायऱ्यांसाठी थांबणार नाही. पहाटे गारव्यात तो सुस्त असतो तेव्हा जायचं, डाव्या हाताच्या बोटांत देठ आणि लेन्सचं तोंड एकत्र धरायचं, आणि श्वास सोडत अंगाने पुढे झुकायचं. तुझं शरीरच तिथे रेल. मित्राने सांगितलं म्हणून किडा फ्रीजमध्ये ठेवायचा विचार तू बोलून दाखवलास. पुन्हा बोललास तर माझ्या वर्गात यायचं नाही. फोटोसाठी जीव गोठवायचा नाही. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सकाळी किती मरून पडलेले असतात, ते उचल. ताजे उचल, वाळले की डोळे खचतात. कासला जाशील तेव्हाही एका दवबिंदूसाठी आजूबाजूची फुलं तुडवत पालथं पडायचं नाही. वाटेवरून जे दिसतं ते काढ, नाही दिसलं तर परत ये.

"आधी स्वस्तातली घेतो, मग बदलतो," असंही म्हणालास. म्हणजे दोनदा घेणार. पैसे नसतील तर दुसरी वाट आहे, आणि ती तुझ्यासारख्यालाच जमणारी आहे. प्रयोगशाळेतून बाद झालेला जुना सूक्ष्मदर्शक भंगारात मिळतो. त्याची वरची नळी काढून टाक, फोकसचा ठोकळा ठेव. अनेक जुन्या सूक्ष्मदर्शकांत फाइन नॉबचा एक अख्खा फेरा म्हणजे एमएमचा पाचवा-दहावा भाग. वीस मायक्रॉनला नॉब चांगला जाणवेल इतका फिरतो. तुझी कुठली रेल देते हे? त्यावर कॅमेऱ्याची प्लेट बसवायला एक ॲल्युमिनियमचा तुकडा मिलिंग करावा लागेल, दोन भोकं, दोन टॅप. एका दुपारचं काम. बाकीचे लोक हे करून द्यायला टूलरूमवाला शोधत फिरतात. तू टूलरूमवाला असून खरेदीच्या लिंका पाठवत बसतोस.

माझं मत हवंय तर घे. पाचपट हेच ध्येय असेल तर एकाच दिशेला सरकणारी, आट्यांच्या स्क्रूची, ट्रायपॉडवरच्या आर्काच्या खाचेत बसणारी हाताची रेल घे, नाहीतर तो ठोकळा बनव. मोटर आत्ता नाही. हाताने दीडशे पायऱ्यांचा स्टॅक पुरा केलास, एकही पायरी न चुकवता, आणि मग म्हणालास की वेळ फार जातो, तर मी स्वतः तुझ्याबरोबर मोटर बघायला येईन. कंपनीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तू त्या नावाचे रिव्ह्यू वाचत बसशील, आणि पुन्हा उन्हाळा येईल.

येत्या रविवारी ये. मित्राची रेल पुन्हा मागून घे, लाज वाटली तरी माग. डायलचे आकडे कागदावर लिहून आण. एक किडा, तोच, धुऊन वाळवलेला, पाचपटीला दोनदा काढ, एकदा पंखा चालू ठेवून, एकदा बंद करून. जोडलेलं चित्र मला नको, सगळे सुटे फोटो हवेत. कॅमेऱ्यातून आले तसे, कच्चे. तक्ता घरी ठेव.